घासाघीस न करणारा ठेकेदार

ठेकेदार घासाघीस न करता हो म्हणाला, आणि कांताबाईला संशयच आला. असं कधी झालंय का?

नागपुरात हुडकेश्वरच्या ठिय्यावर सकाळी मजूर कामासाठी उभे राहतात. तिथे पूर्वी ठेकेदाराच्या गाडीमागे माणसं धावायची. आता जिकडेतिकडे इमारती, मजुरी वाढलेली, मिस्त्री सापडेनात. तर ठेकेदारच चहा पाजत फिरतात. फुकट चहा पाजणारा माणूस कांताबाईला कधीच पटला नाही.

ती रेजा, म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी. नवरा रुपराव मिस्त्री. तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला की त्याची थापी हीच उचलायची आणि प्लास्टर असं करायची की बघणाऱ्यानं भिंतीवर हात फिरवावा. शाबासकी मात्र रुपरावला, मिस्त्रीची मजुरीही त्यालाच. बाईच्या हाती थापी देतंय कोण, असं म्हणून ती पुन्हा घमेलं उचलायची.

रुपराव चार दिवस रामटेकला भावाकडे गेलेला. ती एकटी उभी दिसली तसा मोहितभाऊ ठेकेदार म्हणाला, "प्लास्टरले येता का, बाई?" ब्याद टळावी म्हणून ती बोलली, "मिस्त्रीची मजुरी देसान तर येईन."

"चला," तो म्हणाला.

झालं! नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. साइटवर पोचताच तिनं चढून काम करायच्या पायाडाचा एकेक बांबू हलवून पाहिला. चौकीदाराच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "इथं कोणी पडलं-झडलं तर नाही ना वं?" सिमेंटसुद्धा चिमटीत धरून बघितलं. सगळं ठीक होतं, म्हणून ती जास्तच घाबरली. दिवसभर एक डोळा भिंतीवर, एक मोहितभाऊवर.

संध्याकाळी पूर्ण मजुरी हातात पडली. तिनं नोटा उजेडाकडे धरून पाहिल्या. मग मात्र तिला राहवेना.

"खरं सांगा भाऊ, काहून देऊन राहिले? मले थापी येते हे सांगतलं कोणं?"

"सांगाले कशाले पायजे? मागच्या साली मीच पाह्यलं ना," मोहितभाऊ म्हणाला. "तवापासून रुपरावले म्हणून राहिलो, बाईले मिस्त्री म्हणून पाठव. तो म्हणे, ती नाहीच म्हणते. बायांचं काम नाही म्हणते."

कांताबाई तिथेच विटांवर बसली. दिवसभर जिथे तिथे खोट शोधली, आणि खोट घरात जेवायला बसत होती! तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

तेवढ्यात रुपरावचा फोन आला. "काम भेटलं काय वं?"

"भेटलं."

"रेजाचंच ना?" त्याचा आवाज जरा चाचरला.

"तुमी उद्याच या, जी," ती म्हणाली. "मले घमेलं द्याले माणूस पायजे."