सोळाशे वर्षांचा विटाळ

मुलांनो, परवा चिखलीच्या बाजारात भर उन्हात एक पाटी डोळ्यांत चमकली: ‘येथे रेडियम करून मिळेल’. गाड्यांवर चिकटवायच्या चकचकीत पट्ट्यांना हल्ली सगळे रेडियम म्हणतात. त्यात रेडियमचा कणही नसतो. मी मात्र तिथे थबकले. खरं रेडियम आपल्या घरात काय करून गेलं, हे सांगणारं माझ्याखेरीज आता कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही मोताळ्याला राहत होतो. माझ्या सासूबाईंना गर्भाशयाचा कर्करोग झाला. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. म्हणून दीड वर्षाच्या तुमच्या बाबांना जावेजवळ ठेवून, नांदुऱ्याहून रेल्वेने मीच आत्याबाईंना मुंबईच्या दवाखान्यात नेलं.

तिथे उपचार होता रेडियमचा. किती एकाकी धातू आहे हा! कुणी पाहो न पाहो, तो आपली ऊब आणि आपलं तेज अखंड बाहेर टाकत राहतो, आणि म्हणूनच त्याला शिशाच्या पेटीत कोंडावं लागतं. रोगट पेशी जाळण्याची त्याची शक्ती निरोगी पेशींनाही सोडत नाही. प्लॅटिनमच्या बारीक नळ्यांतून तो चार दिवस आत्याबाईंच्या शरीरात ठेवला. तेवढे दिवस कुणी जवळ बसायचं नाही. नर्स ताट ठेवून झटकन निघून जाई. मी दाराशी उभी. दर महिन्याला तीन दिवस आत्याबाई मला पडवीत वेगळं बसवत, माझी सावलीही चुलीवर पडू देत नसत. आता छताकडे बघत त्या म्हणाल्या, “दर महिन्याले तुले बाहेर बसोलं, आता डाक्टरनं मले बसोलं.” आम्ही दोघीही हसलो. लग्नानंतर सात वर्षांत पहिल्यांदाच एकत्र हसलो असू.

त्या हसण्याने मला वाचा फुटली. सूचनांचा इंग्रजी कागद मी त्यांना मराठीत वाचून दाखवला: लहान मुलांना जवळ घेऊ नये. ‘नळ्या आत असेपर्यंत’ हे शब्द उघडच आहेत असं समजून गाळले. वर विद्या मिरवली, की रेडियमचं तेज निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

नळ्या निघाल्या, आम्ही घरी आलो. तुमचे बाबा दुडुदुडु धावत गेले, तशा आत्याबाई भिंतीला टेकेपर्यंत मागे सरल्या. अंगात आता काही उरलेलं नाही, हे मी परोपरीने सांगितलं. डॉक्टरांचं पत्र मागवून वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “सोळाशे वर्साचा विटाळ चार दिसात फिटते काय वं?”

उत्तर माझ्याजवळ होतं. पण आधीचा कागद वाचणारी मीच आणि हे पत्र वाचणारीही मीच. कोणत्या वाचनावर त्यांनी विश्वास ठेवायचा?

आजार बरा झाला. त्या पुढे बारा वर्षं जगल्या. नातवाला एकदाही मांडीवर घेतलं नाही. दुपारी ओट्यावर गुळाचा खडा ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या आणि तो खाईपर्यंत बघत राहायच्या. एवढी माया, आणि तिच्याभोवती मी घडवलेली शिशाची पेटी!

तुमचे बाबा अजूनही कुणाच्या हातात काही देत नाहीत. वस्तू टेबलावर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरतात.