सेठजींचे वडील आणि आमचे नवरदेव

पन्नाशी उलटलेल्या, बोहल्यावर एकदाही न चढलेल्या माणसाला आमचं अख्खं वर्कशॉप 'नवरदेव' म्हणायचं, आणि तो माणूस ओ द्यायचा. दोष त्यांचाच. प्रोग्राम कंपाइल करायला, म्हणजे कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात आणायला घेतला की पडद्यावर चुकांच्या दोनशे ओळी कोसळत. मी शेवटची ओळ वाचून रडकुंडीला येई. ते मात्र मागे सरकत सरकत पहिल्या ओळीपाशी जात. "हा पाह्य नवरदेव. याले धर. मांगचे सारे वराती, फकस्त जेवाले आलेले." आणि खरंच, पहिली चूक काढली की बाकीच्या बहुतेक आपोआप घरी जात.

भंडाऱ्यातलं आमचं वर्कशॉप मुळात विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारींवर नवी तार गुंडाळण्याचं. लाखांदूरकडच्या एका राइस मिलसाठी आमच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, कॅमेऱ्याने तांदळातला काळा दाणा हेरणारं यंत्र करायला घेतलं. कॅमेऱ्याला चित्रातलं कळावं म्हणून तयार प्रोग्रामांची एक लायब्ररी फुकट मिळते. ती आपल्या कॉम्प्युटरवर कंपाइल करून घ्यायची. हे काम नवरदेवांकडे आणि माझ्याकडे. मी नुकतीच लागलेली, घरी आई तलाठ्याच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन टपलेली. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "मशीन चाललं तर कॉम्प्युटरवर एक जण ठेवीन. नाही चाललं तर तोही नाही." तो एक जण मी नसणार, हे मला विचारावं लागलं नाही.

इंटरनेटवरच्या कुणा शहाण्याने लिहिलं होतं, कंपाइल करताना आठ कामं एकदम लावा, लवकर होतं. मी लावली. माउसचा बाण जागच्या जागी थिजला आणि पंखा असा ओरडू लागला की समोरचा पानठेलेवाला धावत आला. नवरदेव म्हणाले, "एवढुशा धानाच्या बांधीत आठ बाया घातल्या वं रोवाले! त्या रोवतीन, का एकमेकीच्या पायावर पाय देतीन? दोघीच घाल." दोन लावली. आम्ही जेवलो, चहा प्यालो, त्यांनी एक डुलकीही काढली, तेव्हा कुठे लायब्ररी तयार झाली. पण झाली.

यंत्र मिलमध्ये नेलं तर एकेका चित्राला दोन सेकंद! तेवढ्यात तांदूळ कॅमेऱ्यासमोरून केव्हाच पसार. मिलवाले सेठजी म्हणाले, "याच्यापेक्षा माह्या सुपानं पाखडणाऱ्या बाया बऱ्या," आणि आठ दिवसांची मुदत दिली. घाबरून मी एका दिवसात पाच ठिकाणी बदल केले. यंत्र ढिम्म. नवरदेवांनी सगळे बदल पुसायला लावले. "दुखते कोठी ते माहीत नाई, अन् गोळ्या चारून राहिली. पयले मोज." मग प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो ते आम्ही कागदावर उतरवलं. कॅमेऱ्याला वेळ लागत नव्हता. दाणे ओळखायलाही फारसा नव्हता. सगळा वेळ खात होते सेठजींचे वडील.

त्यांचं असं, की थोरल्या सेठजींच्या दर्शनाशिवाय त्या मिलमध्ये एक पट्टा फिरत नसे. म्हणून यंत्राच्या पडद्यावरही कोपऱ्यात त्यांचा हार घातलेला फोटो हवा, ही सेठजींची अट होती. फोटो स्टुडिओतला, भिंतीएवढा. आणि मी तो प्रत्येक चित्राच्या वेळी नव्याने उघडून, लहान करून कोपऱ्यात बसवत होते. नवरदेव हसता हसता खुर्चीवरून खाली आले. "अवं पोरी! दर टायमाले बुढ्याले वैकुंठातून बोलावून राहिली, अन् वापस धाडून राहिली! एकदा बोलाव, पाटावर बसव!"

मी फोटो उघडण्याची ओळ उचलून, दर चित्राला पुन्हा चालणाऱ्या फेऱ्याच्या बाहेर, अगदी सुरुवातीला ठेवली. यंत्र फटाफट काळे दाणे उडवू लागलं. सेठजींनी आधी वडिलांना हात जोडले, मग यंत्राला.

पुढच्या सोमवारी नवरदेवांची खुर्ची रिकामी होती. ते मागच्या शेडमध्ये मोटारीवर तार गुंडाळत बसले होते. मी साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, "त्यांनीच सांगितलं, फोटोची चूक तू एकटीने शोधलीस म्हणून. तेव्हा तुलाच ठेवलं."

मी तशीच शेडमध्ये गेले. "काका, खोटं काहून सांगितलं?"

"मले मोटारी येतात. तुले येतात का?"

"नाही."

"मंग?"

मला रडू फुटलं. ते वर न पाहता म्हणाले, "रडू नोको. थे पक्कड दे."

मी पक्कड दिली. आभार मानायचे तेवढे राहिले. म्हटलं, उद्या मानू, आणि असे उद्या पुष्कळ आले. मग एके दिवशी काकाच राहिले नाहीत.