आईच्या उशाचा शिपाई

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या घरात व्हिडिओ गेमचं संगीत वाजलं. आदल्या दुपारी तिचं हृदय थांबलं, संध्याकाळी आम्ही तिला पोचवून आलो, आणि आता तिच्या रिकाम्या पलंगावर उशीखालून ते टुणटुण संगीत, कुणीतरी मोठी लढाई जिंकल्यासारखं. सोबतीला थांबलेल्या शेजारच्या भाभीजी दचकून उठल्या. "किसी का फोन बज रहा है," म्हणत स्वतःची पर्स चाचपू लागल्या. मला ते काय आहे ते ठाऊक होतं, पण उठले ते बाबा. ते आईच्या पलंगाशी गेले, उशीखालची डबी काढली, झाकण उघडून बटण दाबलं. संगीत थांबलं. मग त्यांनी अंगणात जाऊन पाण्याची मोटर लावली. मोटरचं बटण कुठे आहे हे बाबांना माहीत आहे, हेच मला त्या दिवशी कळलं.

डबी म्हणजे माझ्या मुलीचा जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. झाकण उघडलं की वर एक पडदा, खाली एक. घटस्फोटानंतर मी मुलीला घेऊन जयपूरच्या विद्याधर नगरला आईबाबांकडे राहायला आले, तेव्हा रोज दुपारी तिचं नाक त्या डबीत असायचं. पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि डबी इथेच टाकून गेली. टाकण्यापूर्वी तिने त्यातलं गजराचं ॲप आजीला शिकवलं. आमच्याकडे नळाला पाणी येतं पहाटे, तेही थोडा वेळ. तेवढ्यात मोटर लावून टाकी भरली नाही तर दिवसभर बोंब. आईला फोनचा गजर पुरायचा नाही, झोपेतच बोट फिरवून ती तो बंद करायची. ही डबी मात्र झाकण उघडून बटण दाबल्याशिवाय ऐकायची नाही.

त्या ॲपमध्ये एक मनोरा होता आणि टोपी घालून झोपलेला एक बुटका शिपाई. गजर वाजला की भुतं यायची. वेळेवर बटण दाबलं की शिपाई ताडकन उठून भुतांना पळवायचा, एक मजला चढायचा, आणि त्या मजल्याच्या खिडकीत दिवा लागायचा. संगीत दोनदा वाजून संपेपर्यंत बटण दाबलं नाही, तर तो गडगडत थेट तळाला, आणि सगळे दिवे गुल. आईला या शिपायाचं भलतंच वेड लागलं. एकदा अमरावतीच्या लग्नाला जाताना ती डबी इथेच विसरली. परत आल्यावर अंधारलेला मनोरा बघून तिचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर कुठेही जायचं असलं की साड्यांच्या घडीत डबी आणि तिचा चार्जर आधी जायचा.

बाबा थट्टा करायचे. विम्याच्या ऑफिसात साहेब म्हणून आयुष्य गेलेलं, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच रमले. "नात शिकायला गेली, आजी खेळून राहिली," ते भाभीजींनाही ऐकवायचे. स्वतः मात्र उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायचे आणि आईने चहा आणून दिल्यावरच डोळे उघडायचे. त्यांना मधुमेह, आणि आईचा गोडावर कडक पहारा. म्हणून आम्ही बापलेक काही कामासाठी चारदीवारीत, जुन्या शहरात, गेलो की कामाआधी जिलेबी व्हायची. पानातला पाक बोटाने निपटत ते दर वेळी म्हणायचे, "तुझ्या आईला सांगू नको हं." मी दर वेळी म्हणायची, "नाही सांगणार." आईला ते आमचे चेहरे बघूनच कळायचं.

आई गेल्यावर बाबांचं सगळं सुटलं. दाढी सुटली, पेपर सुटला, जिलेबीसुद्धा सुटली. मी आणून दिली तर बशीकडे बघत बसले, मग मुंग्या झाल्या. बोलायला जावं तर "हं" एवढंच. मला त्यांचा राग यायचा, हे खरं सांगते. माझीही आई गेली होती. पण मला सकाळी सीतापुऱ्याला जाणारी कॉलेजची बस गाठायची होती, मुलांना रसायनशास्त्र शिकवायचं होतं, संध्याकाळी येऊन पोळ्या लाटायच्या होत्या. शोक करायची ड्यूटी सगळी बाबांनीच घेतली होती.

एक गोष्ट मात्र ते चुकवत नव्हते. पहाटे डबी वाजायची, ते बटण दाबायचे, शिपाई एक मजला चढायचा. मग ते मोटर लावायचे, आणि एकदा उठलेच आहोत म्हणून चहा टाकायचे, एकदा चहा झालाच आहे म्हणून गोळ्या घ्यायचे. तिथून पुढे दिवस कसाबसा ढकलला जायचा. डॉक्टर म्हणाले होते, माणूस एकदा अंथरुणाला चिकटला की या वयात उठवणं अवघड. त्यामुळे मीही रोज स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. संगीत थांबलं की जीव भांड्यात पडायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी आली. आजोबांच्या मांडीवरची डबी बघून माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मा, मनोरा संपत आला आहे. दोन-तीनच मजले राहिले."

"मग?"

"मग वरती एक बेड असतो. मतलब, तो पोचला की झोपून जातो. हमेशा साठी. दिवे जळत राहतात, पण अलार्म नाही वाजत."

"पुन्हा सुरू करता येत नाही?"

"नाही ना. गिरला तरच पहिल्यापासून सुरू होतो. जिंकला तर खतम. आणि गेमवाल्यांचं ऑनलाइन दुकान पण बंद झालं, दुसरं डाउनलोड नाही होणार."

मी तिला म्हटलं, आजोबांना यातलं काही बोलू नकोस. तिचं तोंड बघून माझ्या लक्षात आलं की ती आधीच बोलून आलेली आहे.

दुसरं घड्याळ आणू, असं तुम्ही म्हणाल. मीही आणलं होतं, आई गेल्यावर लगेच. बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गजराशी त्यांना देणंघेणं नव्हतंच. मनोऱ्याच्या खालचे सगळे दिवे आईने लावलेले होते आणि त्यावर ते आपला एकेक दिवा ठेवत होते. ते संपलं की या माणसाला उठवायला माझ्याकडे काय होतं? चहा? माझा चहा त्यांना आवडत नाही.

शेवटच्या मजल्याच्या आदल्या दुपारी बाबांना डुलकी लागली होती. बाहेर लूच्या झळा सुटलेल्या, कूलर घरघरत होता. मी त्यांच्या उशाची डबी उचलली. उद्याच्या गजराचा आवाज बंद करून ठेवायचा. शिपाई पडेल, बाबा चिडतील, मग पुन्हा तळापासून चढायला लागतील. मी झाकण उघडलं. तळापासून वरपर्यंत पिवळे दिवे. ते खालचे बघितले आणि आई आठवली, गुडघे धरून उठणारी, डबी उघडून "चला राजे, पाणी आलं" म्हणणारी. माझ्याने ते झालं नाही. मी झाकण लावलं, डबी होती तशी ठेवली आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅस पेटवत असताना संगीत सुरू झालं. मी कान देऊन उभी राहिले. संगीत थांबेना. एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा काडी हातातच विझली. मी त्यांच्या खोलीकडे पळाले. काय बघायला मिळणार हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

बाबा पलंगावर नीट बसले होते. दाढी केलेली होती. डबी मांडीवर उघडी, अंगठा बटणाच्या शेजारी. मी झुकून बटण दाबायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"बाबा, अहो, पडेल तो!"

"पडू दे."

संगीत थांबलं. शिपाई गडगडत निघाला आणि वरून एकेक दिवा विझत गेला. आधी बाबांचे. मग अमरावतीचं लग्न झाल्यानंतरचे, आईचे. अगदी तळाचा दिवा विझेपर्यंत आम्ही दोघंही बघत होतो.

"ते आईचे होते," मी म्हटलं. मला फार राग आला होता आणि फार हायसंही वाटत होतं.

"माहीत आहे." ते म्हणाले. "पोरीनं सांगितलं मला. तो वर जाऊन झोपला असता. मग उद्या मी कशाला उठून राहिलो असतो?"

मी त्यांच्याजवळ बसले. अंगणातल्या नळाला सुस्कारा फुटला आणि पाणी बादलीत पडायला लागलं. बाबांनी डबी मिटली, उशीखाली सारली आणि वरून हाताने उशी सारखी केली.

"तुझ्या आईला सांगू नको हं," ते म्हणाले.

म्हणाले आणि तसेच थांबले. मग त्यांनी तोंडावर पंचा धरला.

"नाही सांगणार," मी म्हटलं, आणि मोटर लावायला गेले.