तोलाला कुणीतरी

“एकटीला कसं फिरवू, माई? समोरच्या पाळण्यात तोलाला कुणीतरी हवं ना!” आकाशपाळणा चालवणारे काका गेटवर शेंगदाणे विकणाऱ्या माईंना सांगत होते.

“उद्या खोलून नेणार म्हणता. मग मी बसू कधी? मेल्यावर?”

“मेल्यावर फुकट जाल की वर!”

माई हसल्या नाहीत. वरच बघत राहिल्या.

समुद्राकाठचं हे पार्क आज बंद होत होतं. लाकडी घोडे ताडपत्रीखाली गेले होते. रिकामे पाळणे मात्र वाऱ्यावर हलत होते, आत्ताच कुणीतरी उतरून गेल्यासारखे. मला वाटलं, इथे किती माणसं कुणा अनोळखी माणसाच्या वजनावर तोलून वर गेली असतील. एक वर, तेव्हा दुसरा खाली. त्यांनी एकमेकांचा चेहराही नीट पाहिला नसेल.

मी लहानपणापासून इथे येते ती कठड्याला धरून उभी राहायला. उंचीची भीती वाटते, आणि परक्या माणसांशी बोलायची त्याहून जास्त.

काका मोटरच्या खोलीला कुलूप लावायला वळले. माईंनी टोपली उचलली.

“काका, थांबा,” मी म्हणाले. “समोर मी बसते.”