दुरुस्तीचा अर्ज

प्रभाकर गेल्याचं मला माझ्या मुलीनं, मृणालनं, कळवलं. सकाळी मी अकोल्याच्या घरी दाढी करत होतो. फोनवर ती आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "बाबा, काका गेले..." मृणालला सख्खे काका तीन आहेत, पण तिनं नुसतं 'काका' म्हटलं की तो अमरावतीचा प्रभाकर वकीलच, हे आमच्या घरात ठरलेलं. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं आटोपलं, असं ती सांगत होती. चाळीस वर्षांचा मित्र गेला होता, आणि माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? मी गेल्यावर ही पोरगी एवढी रडेल का? लिहिताना लाज वाटते, पण तोच आला. या गोष्टीला आता दीड महिना झाला. "तुमचा इतका जुना स्नेह, तुम्हीच लिहा," असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो खरा, पण चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं काय लिहावं याची लोकांना अडचण पडते. माझी अडचण वेगळी होती. त्याच्याबद्दल वाईट लिहावं असं मला काही सापडत नव्हतं, आणि हयातभर माझा राग त्याच्यावरच होता.

अमरावतीला कायद्याच्या वर्गात आम्ही एका बाकावर होतो आणि राजापेठेत एका खोलीत. तो भातकुलीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला वकील. माझ्या घरी वकिली तिसऱ्या पिढीची. आजोबांची कायद्याची पुस्तकं, वडिलांचा कोट, आणि अकोल्यात दारावरची पाटी, सगळं आयतं. मी शुद्ध बोलायचो, तो कोर्टातसुद्धा "मले", "तुले" करायचा. सनद मिळाल्यावर मी अकोल्याला परतलो, तो अमरावतीलाच राहिला. हा बांधावरच्या भांडणांत जन्म काढणार, असं मी तेव्हा धरूनच चाललो होतो. दहाएक वर्षांनी असं झालं, की अकोल्याचे, अगदी माझ्या गल्लीतलेसुद्धा लोक माझ्या पाटीवरून पुढे जायचे, गाडीत बसायचे आणि अमरावतीला त्याच्याकडे जायचे. मी खिडकीतून पाहायचो. ओळखीचा कुणी दिसला की तो मान खाली घालून झपझप निघून जायचा. ती खाली गेलेली मान पाहून मला जास्तच झोंबायचं.

त्याच्या ऑफिसात टेबलासमोर खुर्च्या नव्हत्या. भिंतीला लागून सागाचा एक लांब बाक होता. दावा लिहून झाला, की तो टाकण्याआधी प्रभाकर टेबलामागून उठायचा, बाकावर पक्षकाराच्या शेजारी येऊन बसायचा आणि सबंध दावा त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचा. कायद्याच्या मराठीत नव्हे, त्याच्या बोलीत. 'वादीचा कब्जा वहिवाट' आलं की म्हणायचा, "म्हंजे तू वाहून राहिला ते वावर." समोरच्यानं दाखल केलेला कागदही तो असाच वाचायचा. शेवटी कागद मांडीवर ठेवून ठरलेला प्रश्न विचारायचा, "याच्यातलं काही तुमचं नाही, असं हाय काय?" एखादी म्हातारी म्हणायची, "हे शिवी दिल्याचं माह्यं नाई बा, तो फक्त ओरडला होता." मग शिवी खोडली जायची. एका दाव्याला असे दोन-दोन दिवस घालवायचा. मी हसायचो. "तू वकील हाय का कीर्तनकार?" असं मी एकदा त्याच्याच बोलीत, त्याच्या ज्युनिअरांसमोर म्हटलं होतं. तोही हसला. त्याला माझं काही लागतच नसे, हा आणखी एक त्रास.

आणि त्याचं घर! सुनंदावहिनी शिक्षिका, त्यांची शाळा सकाळची. म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या हा घालायचा. मांडीत मुलगी, तोंडात रिबीन, आणि समोर भिंतीकडे पाहत त्या दिवशीचा युक्तिवाद चालू. एकदा कोर्टात कोटाच्या खिशातून रुमाल काढायला गेला आणि लाल रिबीन बाहेर आली. न्यायाधीशही हसले. ही गोष्ट मीच घरी येऊन चेष्टेनं सांगितली, तर माझी बायको शोभा हसली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाले आपली मृणाल कोणत्या वर्गात हाय ते तरी माहीत हाय का?" मी सांगितलं. एक वर्ग चुकला. संध्याकाळी सहाला त्याचं ऑफिस बंद व्हायचं, मग दारात कुणीही येवो. "पोरी वाट पाहून राहिल्या," म्हणायचा आणि जायचा. मी नऊपर्यंत बसायचो. माझी कुणी वाट पाहत असेल, असं मला वाटत नसे, आणि हळूहळू ते खरं झालं.

आता जी गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, ती सांगतो. भातकुलीजवळच्या एका शेताचा वाटणीचा दावा होता. थोरला भाऊ अकोल्यात राहायचा, तो माझ्याकडे आला. धाकटा गावात, त्याचा वकील प्रभाकर. दाव्यात शेताच्या चतुःसीमा लिहाव्या लागतात, म्हणजे चारी दिशांना काय आहे ते. मी शेत पाहिलं नव्हतं. घाईत तोंडी सांगितलं, टायपिस्टनं उतरवलं, पक्षकारानं न वाचता सही केली. माझ्या दाव्यात नाला पूर्वेला होता. खरा नाला पश्चिमेला. प्रभाकरनं माझा दावा त्याच्या पक्षकाराला बाकावर वाचून दाखवला तेव्हा तो गडी पोट धरून हसला म्हणे. "वकीलसाहेब, नाला तं मावळतीले हाय. हे वावर आमचं नाईच!"

प्रभाकरनं नुसतं गप्प बसायचं होतं. माझा पक्षकार साक्षीला उभा राहिला असता, उलटतपासणीत दोन प्रश्न विचारले असते, आणि तीन पिढ्यांच्या वकिलीचा भर कोर्टात, तेही परगावच्या, तमाशा झाला असता. मी त्याच्या जागी असतो तर नक्की तेच केलं असतं. पण त्यानं मला कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली नेलं आणि हळूच म्हणाला, "अरविंद, तुह्या दाव्यात नाला उगवतीले वाहून राहिला. दुरुस्तीचा अर्ज दे. मी हरकत घेत नाई."

"काहून?" मी विचारलं. "तुह्या पक्षकाराचं काय?"

"त्याले इचारूनच आलो. तो म्हणे, भांडण वावराचं हाय, नाल्याचं नाई."

दोन मिनिटांत अर्ज मंजूर झाला. पुढे त्यानं दोघा भावांना त्या बाकावर शेजारी शेजारी बसवून दावा आपसांत मिटवला, ते वेगळंच. मी त्याला म्हटलं होतं, "हे कोणाले सांगू नको." तो म्हणाला, "त्याच्यात सांगाचं काय हाय बे?" मी त्याला मिठी मारायला हवी होती. मी गाडीत बसलो आणि अकोला येईपर्यंत दात खात राहिलो. हरवलं असतं तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. वाचवलं, ते नाही जमलं.

मृणाल वकील झाली तेव्हा दारावरच्या पाटीत माझ्या नावाखाली मी जागा सोडून ठेवली होती. जेवताना ती म्हणाली, "बाबा, मला प्रभाकरकाकांकडे शिकायचंय." घास तसाच राहिला. "काहून? माह्यापाशी काय कमी हाय?" मी शुद्ध बोलणारा माणूस, पण राग आला किंवा घाबरलो की आईची भाषा बाहेर येते. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडे पक्षकार उभे असतात, बाबा." गेली. चार वर्षं तिकडेच राहिली. रविवारी घरी यायची आणि काका असं म्हणतात, काका तसं करतात. मी तिचं तोंड न्याहाळायचो. त्यानं सांगितली असेल का हिला नाल्याची गोष्ट? बाप म्हणून मिरवतो त्याची ही लायकी, हे हिला कळलं असेल का? चार वर्षं मी त्या भीतीत काढली, आणि त्या भीतीबद्दलही मनात त्यालाच दूषणं दिली.

चौदावा झाल्यावर मी अमरावतीला गेलो. खरं सांगतो, सांत्वन हे निमित्त होतं. पोरीला परत आणावी म्हणून गेलो होतो. आता तर कुणी आड नव्हतं. ऑफिस तसंच होतं. बाकावर एका टोकाला लाकूड गुळगुळीत झालेलं, ती त्याची बसायची जागा. सुनंदावहिनींनी चहा आणला आणि त्या मृणालजवळ, तिच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. तो हातही मला खुपला. तेवढ्यात मृणाल म्हणाली, "बाबा, काका प्रत्येक ज्युनिअरला पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायचे. म्हणायचे, 'म्या एकदा दाव्यात नाला उलट्या दिशेले लिहिला होता. समोर अकोल्याचा वकील होता, लई मोठ्या मनाचा माणूस. त्यानं मले झाडाखाली नेऊन सांगितलं, दुरुस्ती करून घे. त्या दिवसापासून मी वाचून दाखवल्याबिगर दावा टाकत नाई.' नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ते तुम्हीच ना, बाबा?"

मी चहा पीत राहिलो. वाचून दाखवायची सवय त्याला पहिल्या दिवसापासून होती... "मी तुमच्याबद्दल चुकीचा विचार करत होते," ती म्हणाली. "इथलं काम मार्गी लागलं की येते अकोल्याला. तुमच्याकडून शिकायचं राहूनच गेलं." वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना खरं माहीत असावं, त्याची कुठली गोष्ट त्यांना माहीत नव्हती? तरी त्यांच्यादेखत मी होकारार्थी मान हलवली. ज्यासाठी गेलो होतो ते मला मिळालं होतं, आणि तेही त्यानंच दिलेलं! मेल्यावरसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा मोठा होऊन बसला. त्या दिवशी जेवढा जळलो, तेवढा चाळीस वर्षांत जळलो नव्हतो.

मृणालचं टेबल मी लावून घेतलं. पाटी रंगवायला टाकली. आणि हा लेख लिहायला बसलो की त्या चुकीच्या नाल्यापाशी येऊन अडायचो. शेवटी पाचव्यांदा लिहिला, तो असा.

छापायला देण्याआधी काल अमरावतीला गेलो. मृणाल टेबलामागे होती. मी उभा होतो. ती उठली, बाकावर येऊन बसली आणि मला शेजारी बसवलं. वरचं सगळं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, घरच्या बोलीत. नाल्याचं वाचलं. जळलो ते वाचलं. पाटीचंही वाचलं. तिनं मध्ये एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. अकोल्याला येणार की नाही, ते मी विचारलं नाही. ती बाकाच्या त्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवत राहिली. मग कागद माझ्या हातातून घेऊन आपल्या मांडीवर ठेवले, आणि अगदी त्याच्याच सुरात, माझा जीव पुन्हा एकदा जळावा अशा सुरात, विचारलं,

"याच्यातलं काही तुमचं नाही, असं हाय काय?"

"नाई," मी म्हणालो. "सारं माह्यंच हाय."