सुमनमावशीचा डावा हात

हे मी कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, आईले तर नाईच. तुमालेच काऊन सांगून राह्यलो, ते मलेही ठावं नाई. दवाखान्यात मी दिवसभर तेलुगू बोलतो, कागदावर इंग्रजी लिहितो. पण हे माझ्या गावच्या, वांकिडीच्या बोलीतच बाहेर येऊन राह्यलं, तं येऊ द्या.

मी हाताचा सर्जन हाये. लोक चांगला म्हणतात. हे काम मी पहिल्यांदा पाह्यलं ते आदिलाबादेत, डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाले — तेलंगण अजून वेगळं झालं नव्हतं. हैदराबादेहून एक सर महिन्यातून एकदा येत, प्लास्टिक सर्जरी अन् हाताची सर्जरी शिकवाले. आमी आठ-दहा जण. सरांचा पहिला धडा एकच होता. मनगट कापलेला माणूस आला, तं सुन्न करायचं इंजेक्शन देण्याच्या आधी त्याले डोळे मिटाले लावा, एकेक बोट टोचून पाहा, कळते का विचारा अन् लिहून ठेवा. इंजेक्शननं सगळंच सुन्न होते. मंग आतली जाणिवेची नस तुटली का नाई, वरून काहीच समजत नाई.

दोन मिनिटांचं काम. सोपं हाये ना?

सुमनमावशी आदिलाबादेजवळच्या मावला गावची. मेथी-पालक लावे अन् बाजारात बसे. मेथी कापता कापता विळा सटकला अन् डाव्या मनगटावर बसला. जखम लहानशीच — बोटाच्या पेराएवढी. माझी बोली ऐकून तिले लय धीर आला. "आपल्याकडचा पोरगा हाये," असं बाजूच्या बाईले सांगत होती. सर यायचे होते, अन् मले त्यांना माझे टाके दाखवायचे होते. घाई केली मी. इंजेक्शन दिलं — अन् मंग आठवलं.

थांबता आलं असतं का? आलं असतं. दोन-तीन तासांनी असर उतरला असता, तवा तपासता आलं असतं. सरांना सांगता आलं असतं, चूक झाली म्हणून. मी कागदावर लिहिलं — सगळ्या बोटांत जाणीव ठीक. सरांनी ते वाचलं, म्हणून जखम खोल जाऊन पाह्यली नाई. मी कातडी शिवली. माझे टाके त्यांनी सगळ्यांना दाखवले अन् म्हणाले, पुढच्या शिक्षणासाठी या पोराची शिफारस मी करतो. मी फुगलो होतो नुसता.

टाके काढाले आली, तवा म्हणाली, अंगठा अन् बाजूची दोन बोटं कळत नाईत. मले तिथंच समजलं. अजून उशीर झाला नव्हता, नस जोडता आली असती. मी म्हटलं, येईल मावशी, येळ लागते. महिन्यानं पुन्हा आली, पुन्हा तेच सांगून पाठवलं. काही तरी वाईट होणार हाये, हे मले दिसून राह्यलं होतं — अन् ते मीच करत होतो.

तिसऱ्या खेपेले बोटांवर मोठाले फोड होते. तापल्या तव्याले हात टेकला होता. तिले पत्ताच नाई, चरचरल्याचा वास आला तवा समजलं. अंगठ्याखालचं मांस वाळून चाललं होतं. बाजारात लोक बोलाले लागले होते — महारोग. तिच्या हातची जुडी कोणी घेईना. सासूनं ताट-गिलास वेगळा काढून ठेवला होता.

"बाबू, एक चिठ्ठी लिहून दे," ती म्हणाली. "हे विळ्यानं झालं, तो रोग नाई, एवढंच लिही. डॉक्टरचं लोक मानतात."

काय मोठं मागितलं होतं? एक ओळ. तीही खरी.

पण ती लिहिली असती, तं माझा आधीचा कागद खोटा पडला असता. अन् सर त्याच दिवशी आले होते. पल्याडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. त्यांनी तो हात नुसता पाह्यला असता तरी सगळं ओळखलं असतं. कसंही करून तिले तिथून काढायचं होतं मले.

मी कागद घेतला अन् इंग्रजीत लिहिलं — महारोगाचा संशय, तपासणीसाठी पाठवत आहे.

"झाली का चिठ्ठी?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

तिनं कागदाची घडी केली, कपाळाले लावली अन् कमरेशी खोचून निघाली. ती चिठ्ठी घेऊन तपासणीच्या खिडकीकडं जायचं असते, हे मी तिले सांगितलं नाई. ती सरळ बाजारात गेली. मावल्याच्या एका नर्सनं हे मले नंतर सांगितलं. चिठ्ठी कोणी लिहिली, ते त्या नर्सले माहीत नव्हतं. मावशीनं मेडिकलवाल्याले सगळ्यांसमोर कागद दिला अन् म्हणाली, वाच, मोठ्यानं वाच.

त्यानं वाचला.

त्यानंतर ती बाजारात बसली नाई. मी सरांची शिफारस घेऊन हैदराबादेले गेलो, शिकलो, परत आलो. आता माझा दवाखाना आदिलाबादेतच हाये. इथून मावला गाडीनं दहा मिनिटं. मी एकदाही गेलो नाई.