बांगड्यांचं ताट

आमच्या कंपनीनं परदेशात पाय ठेवला, असं शेठ अजून लग्नाकार्यात सांगतात. सांगू देत बापडे. पाय त्यांनी ठेवला असेल, हात आमचे होते.

जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये तापाच्या आणि जंताच्या गोळ्या करायची ही कंपनी. नवरा वारला त्याच वर्षी मी तिथं पॅकिंगला लागले. माहेर धुळ्याचं, सासरच्यांनी हात झटकलेले, पदरात पोरगी. आमचा माल भडगाव, सावदा, बोदवडच्या डॉक्टरांकडं जायचा, फार तर नाशिकला. त्यामुळं नव्वदीच्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या एका देशाकडून ऑर्डर येणार म्हटल्यावर शेठनी पेढे वाटले आणि एक शब्दही दिला: तपासणी पास होऊन माल गेला, की पॅकिंगच्या सगळ्या बायका कायम.

रोजंदारीवरच्या बाईला कायम होणं म्हणजे काय, ते पगारी माणसाला कळायचं नाही. तापानं फणफणले तरी मी कामावर जायचे, कारण दुसऱ्या दिवशी माझी जागा राहील की नाही याचा भरवसा नव्हता. मला कायम व्हायचं होतं. नवस बोलण्याइतकं व्हायचं होतं.

मग परदेशाचे नियम आले. मॅनेजरनं ते वाचून दाखवले. टोपी घाला, नखं कापा, इथवर ठीक होतं. पुढचा होता: हातात काच नको. बांगडी फुटून तुकडा गोळ्यांत गेला तर काय करायचं?

पॅकिंगमध्ये आम्ही विधवा तिघी-चौघी. बाकी सगळ्या सवाष्णी, मनगट भरून हिरव्या बांगड्या. एकेकीनं हात पदराआड घेतले, तसा मॅनेजर बिचारा कागद घडी घालून निघूनच गेला.

त्यांचीही अडचण खरी होती. कासार नवा चुडा भरतो तेव्हासुद्धा जुनी एक बांगडी हातात राहू देतो. सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही. आपल्या हातानं काढल्या तर अपशकुन, दुसऱ्या सवाष्णीनं काढल्या तर दोष तिच्या कुंकवाला. मग काढायच्या कोणी? शेठनी समजावलं, मॅनेजरनं हात जोडले. कोणी ऐकेना.

सगळ्यात अडून बसली होती ती भडगावकडची एक थोराड बाई. हिला सगळ्या अक्का म्हणायच्या. दर संक्रांतीला कंपनीत हळदीकुंकू व्हायचं, त्याचं ताट हिच्या हातात. ताट माझ्याजवळ आलं की ही नजर न उचलता पुढं सरकायची. पुढं पुढं तर ताट निघालं की मीच उठून गोदामात खोकी लावायला जायचे. तेव्हा तिच्याबद्दल मला काय वाटायचं ते लिहीत नाही, पोरगी वाचेल.

तर आता माझं कायम होणं या अक्काच्या मनगटाशी अडलं होतं. आम्ही तिघी-चौघी मिळून काही ती ऑर्डर भरू शकत नव्हतो.

तपासणीचा दिवस आला. सगळ्या बायका टोप्या घालून या ऑर्डरसाठी बांधलेल्या नव्या खोलीच्या दाराशी उभ्या, हातात बांगड्या तशाच. शेठचा चेहरा उतरलेला. आम्हाला वाटलं होतं तिकडून कोणी साहेब येईल. गाडीतून उतरली एक बाई. काळीसावळी, उंच, आमच्याच वयाची, फुलाफुलांचा झगा. नमस्कार केला, दाराशी थांबली, गळ्यातली मण्यांची माळ काढली, बोटातली अंगठी काढली, आमच्या चहाच्या ताटात ठेवली आणि हात धुवायला गेली.

अक्कानं मॅनेजरचा हातच धरला. "ती अंगठी कशानी शे?"

"लग्नाची. त्यांच्यात नवऱ्याच्या नावानं घालतात."

"तिना नवरा जित्ता शे का?"

मॅनेजरला घाम फुटला, पण त्यानं इंग्रजीत विचारलं. ती बाई खळखळून हसली. आहे, म्हणाली, आणि चांगला जाडजूड आहे.

अक्का त्या अंगठीकडं बघत राहिली. मग वळली ती थेट माझ्याकडं. दोन्ही हात माझ्यापुढं केले.

"तू काढ."

"मी का?"

"तुनावर आते काय येवाव शे? जे येवानं व्हतं ते ई गयं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, सांगावं हिला, जा, मर तिकडं. माझ्या बांगड्या नणंदेनं जात्याच्या पाळूवर आपटून फोडल्या होत्या, त्याचा वण अजून मनगटावर आहे. हिला काढून हव्यात, म्हणे, कारण माझं वाटोळं आधीच झालंय! पण दाराआड ती पाहुणी हात पुसत होती, आणि मला कायम व्हायचं होतं.

साबणाचं पाणी आणलं. तिचा पंजा दाबला आणि एकेक बांगडी सोडवून त्याच ताटात ठेवत गेले. एकही फुटू दिली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. माझ्या हातांना एवढी काळजी कुठून सुचली, मला माहीत नाही. तिच्यामागं बाकीच्यांची रांग लागली.

तपासणी पास झाली.

संध्याकाळी बाहेर आलो. मी ताट अक्कासमोर ठेवलं आणि बाजूला झाले. काढायला मी चालले, पण भरायला विधवेचा हात कोण लावून घेतो? माझी पायरी मला ठाऊक होती.

अक्का ताटाला शिवली नाही. हात पुढं करून तशीच उभी.

"घाल ना."

"मी?"

"तू काढ्यात, तूच घाल."

पहिली बांगडी माझ्या हातून ताटात परत पडली. तिनंच ती उचलून माझ्या हातात दिली. मी रडले, सगळ्यांसमोर रडले. "आते रडू नको व माय," ती म्हणाली, "जेवण करानं शे घर जाईसन."

माल गेला, आम्ही कायम झालो. काही वर्षांनी तिकडची ऑर्डर बंद पडली, का ते शेठना विचारा. तोवर रोज सकाळी बांगड्या काढायच्या मी, संध्याकाळी भरायच्या मी.

तपासणीनंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं ताट निघालं तशी मी सवयीनं उठले.

"कोठे चालनी?" अक्का म्हणाली. "बस खाले."

मी बसले.